अक्षरं मोठी केली तरी परत लहान, लाल-हिरवं कळत नाही: सेटिंग टिकत का नाही?

गोव्यातल्या डिचोली, साखळी, वाळपईच्या बाजूची माणसं दाखले, बिलं, पेन्शनचे फॉर्म यांसाठी आमच्या सेवा केंद्रात येतात. त्यांत नजर कमी झालेले बरेच असतात आणि लाल-हिरव्याचा घोळ होणारेही असतात, फक्त ते स्वतःहून सांगत नाहीत. त्यांची तक्रार मात्र फिरून फिरून तीच असते. "परवा तुम्ही अक्षरं मोठी करून दिली होती, घरी जाऊन बघतो तर होती तशीच."

सेटिंग बिघडलेलं नसतं. ते केलेलं असतं एका जागी आणि लागतं दुसऱ्या जागी. समोरचं पान कसं दिसेल हे चार ठिकाणी ठरतं: फोनची किंवा कॉम्प्युटरची मुख्य सिस्टिम, ब्राउझर, ज्या अ‍ॅपमधून लिंक उघडली ते अ‍ॅप आणि शेवटी ती वेबसाइट. चौघांपैकी कोण अडवतंय हे कळेपर्यंत बटणं दाबण्यात अर्थ नाही.

ते ओळखायला दोन मिनिटं पुरतात. तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. तिथे नीट दिसलं तर दोष पहिल्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये आहे. दोन्हीकडे तसंच दिसलं तर त्याच ब्राउझरमध्ये भलतीच एखादी साइट उघडा. ती ठीक असेल तर पहिल्या साइटचा दोष. सगळ्याच साइट आणि फोनचे मेनूसुद्धा तसेच दिसत असतील तर सिस्टिमकडे वळा.

त्याआधी एक गोष्ट. रंग पूर्वी नीट कळायचे आणि आता कळेनासे झाले असतील, किंवा नजर थोड्या दिवसांत झपाट्याने उतरली असेल, तर आधी डोळ्यांचा डॉक्टर, मग सेटिंग. जन्मजात रंगांधत्व आयुष्यभर तेवढंच राहतं, मध्येच सुरू होत नाही. मोतीबिंदूने रंग पिवळट, मळकट होतात. क्षयरोगाच्या उपचारातलं इथॅम्ब्युटॉल हे औषध काहींच्या डोळ्याच्या नसेवर परिणाम करतं आणि लाल-हिरव्यातला फरक पुसट होणं हे त्याचं सुरुवातीचं लक्षण असू शकतं. औषध स्वतःहून बंद करू नका, पण त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला.

"फॉर्म मोठा दिसला, पैसे भरायचं पान परत बारीक"

कॉम्प्युटरवरची ही सगळ्यांत जास्त येणारी तक्रार. कंट्रोल धरून प्लस दाबलं की पान मोठं होतं. क्रोम, एज, फायरफॉक्स हे तिन्ही ब्राउझर तो आकार लक्षात ठेवतात, पण त्या एका साइटपुरता. फॉर्म भरून झाल्यावर 'पे' दाबलं की तुम्ही बँकेच्या किंवा पेमेंट कंपनीच्या वेगळ्या साइटवर जाता. पत्ता बदलला, की आकारही मूळपदावर. नेमकं कार्डाचा नंबर आणि ओटीपी टाकायच्या वेळी अक्षरं बारीक होतात आणि वरून घड्याळ उलटं मोजत असतं. घाबरून माणूस चुकीचा आकडा टाकतो.

उपाय एकदाच करायचा. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग अपिअरन्स, त्यात 'पेज झूम'. तिथे १२५ किंवा १५० टक्के ठेवलं की ते सगळ्या साइटना लागू होतं. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या जनरल भागात 'डिफॉल्ट झूम' असतं. आधी एखाद्या साइटवर हाताने वेगळा आकार दिलेला असेल तर ती साइट तोच धरून बसते. तिथे जाऊन कंट्रोल आणि शून्य दाबलं की ती नव्या ठरलेल्या आकारावर येते.

एवढं करूनही आकार पुसला जात असेल तर तीन कारणं तपासा. पान इन्कॉग्निटो (खाजगी) खिडकीत उघडलं जात असेल. ती बंद केली की तिथले बदल जातात. कोणीतरी 'क्लिअर ब्राउझिंग डेटा' करताना 'साइट सेटिंग्ज'वरही खूण करत असेल. साइटवार ठेवलेले झूम त्यातच असतात. किंवा घरात एकाच कॉम्प्युटरवर दोघांची क्रोम प्रोफाइल असतील आणि मुलाच्या प्रोफाइलमध्ये केलेलं आईच्या प्रोफाइलला लागत नसेल. हे तिसरं कारण मला वारंवार सापडतं. सुट्टीला आलेला मुलगा आपल्या प्रोफाइलमध्ये सगळं छान लावून जातो, आई मात्र तिच्या खिडकीतून बघत असते.

फोनवरचा घोळ

फोनवर सिस्टिमची अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात, मेनू मोठे दिसतात, वेबपान मात्र बारीकच. अँड्रॉइडवरच्या क्रोमला स्वतःचं सेटिंग आहे: तीन टिंबं, सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी. तिथे झूम वाढवायची पट्टी आहे आणि तिच्याच आसपास 'फोर्स एनेबल झूम' नावाची एक खूण आहे. ती लावाच. पुष्कळ साइट बनवणारे पानाच्या कोडमध्ये 'बोटांनी मोठं करू देऊ नका' असं लिहून ठेवतात. पान नीटनेटकं दिसावं एवढाच त्यांचा हेतू असतो, पण कमी नजरेच्या माणसाच्या हातातलं एकमेव साधन त्यामुळे जातं. ही खूण लावली की क्रोम ती बंदी मानत नाही. आयफोनवर सफारी अशी बंदी २०१६ पासूनच धुडकावतं, म्हणजे आयओएस १० पासून.

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर आलेली लिंक दाबली तर पान त्या अ‍ॅपच्या पोटातल्याच ब्राउझरमध्ये उघडतं. दिसायला क्रोमसारखं दिसतं, पण तुमची क्रोमची सेटिंग्ज तिथे नसतात. "कधी मोठं दिसतं, कधी नाही, काही नेम नाही" अशी तक्रार असेल तर बहुधा हेच कारण. वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत 'ओपन इन ब्राउझर' अशा अर्थाचा पर्याय असतो, तो दाबा.

"मोठं केलं आणि मेनूच गायब झाला"

गायब होत नाही, दुमडतो. आजकालची बरीच पानं रुंदी कमी पडली की फोनसाठीच्या मांडणीत जातात. कॉम्प्युटरवर २०० टक्के झूम केलं की साइटला वाटतं आपण लहान स्क्रीनवर आहोत, म्हणून वरच्या ओळीतला मेनू ती एका कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांमागे ठेवते. त्या रेघा दाबल्या की सगळं खाली उघडतं. हे ठाऊक नसलेली माणसं झूम पुन्हा कमी करतात आणि पुन्हा डोळे ताणत बसतात.

दुसरा त्रास जास्त वाईट. पानाच्या माथ्यावरची नाव-चिन्हाची पट्टी वर चिकटलेली असते, झूम केलं की तीही फुगते आणि वाचायला चार ओळींची फट उरते. इथे तीन गोष्टी करून बघता येतात. एफ ११ दाबून पूर्ण स्क्रीन घ्या. लेख किंवा बातमी असेल तर वाचन-दृश्य वापरा; विंडोजवर फायरफॉक्स आणि एज दोन्हीत एफ ९ दाबलं की ते येतं, जाहिराती आणि पट्ट्या जातात, नुसता मजकूर उरतो, अक्षर आणि पार्श्वभूमी हवी तशी ठेवता येते. फॉर्मवर वाचन-दृश्य चालत नाही. तिथे झूम थोडं उतरवून विंडोजचं भिंग वापरा: विंडोजचं बटण धरून प्लस. बंद करायला विंडोज आणि एस्केप.

आणि मोठं म्हणजे नेहमी चांगलं असं नाही. काचबिंदूने ज्यांच्या नजरेचा घेर आकसला आहे, त्यांना अक्षर फार मोठं केलं तर एका दृष्टिक्षेपात दोनच शब्द मावतात आणि वाक्याचा धागा सुटतो. अशांना मध्यम आकार, ठळक अक्षर आणि अरुंद रकाना सोयीचा. शेजारच्याला ३०० टक्के लागतं म्हणून तुम्हालाही तेवढंच लागेल असं धरू नका.

मराठी पानांचं वेगळं दुखणं

इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शनात हे सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर.

फायरफॉक्समध्ये किमान अक्षर-आकार ठरवता येतो: सेटिंग्ज, जनरल, फॉन्ट्स, अ‍ॅडव्हान्स्ड. त्या खिडकीच्या वरच्या बाजूला लिपी निवडायची असते. बहुतेक जण तिथे दिसेल त्या 'लॅटिन'चा आकार वाढवतात, ओके म्हणतात आणि मराठी पान होतं तसंच राहतं. यादीतून 'देवनागरी' निवडून तिथेही आकार द्यायला हवा. लॅटिनचाही असू द्या, कारण पुष्कळ मराठी साइटच्या कोडमध्ये पानाची भाषा एकतर लिहिलेलीच नसते किंवा चुकून इंग्रजी लिहिलेली असते. मग ब्राउझर त्या पानाला देवनागरीचा नियम लावत नाही.

त्याच चुकीमुळे वाचून दाखवणारा आवाजही गोंधळतो. स्क्रीन रीडरला पान इंग्रजी आहे असं सांगितलं गेलं की तो मराठी मजकुरावर गप्प बसू शकतो किंवा भलतेच उच्चार करतो. एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबून वाचन सुरू केलं तर आवाजाच्या पर्यायांत 'आरोही' आणि 'मनोहर' हे दोन मराठी आवाज आहेत. आवाज हाताने मराठी निवडला की बऱ्याच पानांचा प्रश्न सुटतो. हे आवाज इंटरनेटवरून येतात, तेव्हा पावसात लाईन गेली की तेही गेले.

मात्रांचं काय? इंग्रजी अक्षर वाढलं की वाढलं. देवनागरीत डोक्यावर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार. साइट बनवणाऱ्याने दोन ओळींतलं अंतर ठराविक पिक्सेलमध्ये बांधून ठेवलेलं असेल आणि तुम्ही फक्त मजकूर मोठा केलात, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर चढतात. मग 'दिन' आणि 'दीन' सारखेच वाटतात. अशा पानावर नुसता मजकूर वाढवू नका, सगळं पान झूम करा. फायरफॉक्सच्या झूमखाली 'झूम टेक्स्ट ओन्ली' अशी खूण असते, ती चुकून लागली असेल तर काढा.

ई-पेपर हा तर पुष्कळांच्या सकाळचा विषय. ई-पेपरचं पान बहुतेक वेळा छापील पानाचं चित्र असतं. चित्र मोठं केलं की धूसर होतं, वाचन-दृश्य येत नाही, आवाज वाचत नाही, फॉन्टचं कुठलंही सेटिंग त्याला शिवत नाही. इथे सेटिंग शोधत बसू नका. तीच बातमी वर्तमानपत्राच्या साध्या संकेतस्थळावर शोधा, तिथे ती मजकुराच्या रूपात असते. सरकारी परिपत्रकं स्कॅन करून टाकलेली असतात, त्यांचंही हेच. ती पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की चित्रातला मराठी मजकूर बराचसा ओळखून अक्षरांत येतो. आकडे आणि तारखा मात्र मूळ कागदाशी ताडून बघा. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफ मजकुराची नक्कल केली तर इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो आणि आवाजही तोच कचरा वाचतो. त्या पानाचं चित्र काढून गूगल लेन्समध्ये टाका.

"लाल कुठे आहे ते सांगा हो"

एक निवृत्त मास्तर गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठीचे कागद जुळवत होते. त्यासाठी लागणारा एक ऑनलाइन अर्ज घरी भरून झाला होता, पण 'सबमिट' दाबलं की काहीच होत नव्हतं. पुन्हा दाबलं, पुन्हा काही नाही. "सर्व्हर डाऊन असेल," म्हणाले.

मी म्हटलं, "मास्तर, पिनकोडच्या चौकोनाची कड लाल झालीय."

"मला तर सगळ्या कडा सारख्याच दिसतात."

पिनकोडमध्ये एक आकडा कमी होता. चूक सांगायला त्या पानाने केसाएवढी बारीक लाल रेघ काढली होती, शब्द एकही लिहिला नव्हता. बाकीच्या चौकोनांच्या कडा करड्या होत्या. ज्याला लाल रंग मंद दिसतो त्याच्या लेखी त्या पानावर चूक दाखवलेलीच नव्हती.

असा फॉर्म अडला तर आधी कंट्रोल आणि एफ दाबून पानात 'प्लीज', 'इनव्हॅलिड', 'रिक्वायर्ड' किंवा 'कृपया' हे शब्द शोधा. कुठे बारीक अक्षरांत सूचना असेल तर सापडते. काहीच सापडलं नाही तर रंगांचा फिल्टर लावा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, कलर फिल्टर्स. अँड्रॉइडवर अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'कलर करेक्शन'. आयफोनवर अ‍ॅक्सेसिबिलिटी, 'डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ', कलर फिल्टर्स. तिथे तीव्रता कमी-जास्त करायची पट्टीही आहे.

फिल्टरच्या यादीत प्रोटॅनोपिया, ड्यूटेरॅनोपिया, ट्रायटॅनोपिया अशी नावं दिसतात. पहिल्यात लाल रंगाची अडचण, दुसऱ्यात हिरव्याची, तिसऱ्यात निळ्या-पिवळ्याची. नाव वाचून निवडू नका. जॉन डाल्टन या शास्त्रज्ञाने १७९४ मध्ये स्वतःच्याच रंगदोषावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातलं द्रव निळसर असावं असा त्याचा अंदाज होता. १८४४ मध्ये तो वारल्यावर डोळे तपासले, तर द्रव स्वच्छ. त्याला लाल रंगाच्या पेशी नसाव्यात असंही इतर काहींचं मत होतं. जपून ठेवलेल्या त्या डोळ्यांची डीएनए तपासणी १९९५ मध्ये जाहीर झाली तेव्हा कळलं की त्याच्यात हिरव्यासाठीच्या पेशींचा दोष होता. लाल आणि हिरवा, दोन्ही दोषांत दिसणारा घोळ इतका मिळताजुळता असतो. म्हणून एकेक फिल्टर लावून बघा आणि सेटिंगमधल्या नमुन्याच्या रंगांत शेजारशेजारचे रंग ज्याने सर्वांत वेगळे दिसतील तो ठेवा.

फिल्टरकडून भलती अपेक्षाही नको. न दिसणारा रंग तो दाखवत नाही, फक्त एकमेकांत मिसळणारे रंग दूर ढकलतो. केशरी कदाचित गुलाबी दिसेल. कपडे, दागिने, भाजी ऑनलाइन घेताना फिल्टर काढा, नकाशा किंवा आलेख बघताना लावा. पावसाळ्यात हवामान खात्याचा इशारा हिरवा, पिवळा, केशरी, लाल अशा रंगांच्या नकाशातून येतो. समुद्रात जाणाऱ्याने नुसत्या नकाशावर विसंबू नये, सोबतच्या मजकुरात जिल्ह्याचं नाव आणि इशाऱ्याचा शब्द लिहिलेला असतो, तो वाचावा.

लिंक आणि साधा मजकूर यांतला फरक कळत नसेल तर फायरफॉक्समध्ये 'ऑल्वेज अंडरलाइन लिंक्स' आहे. आणि फोनवर 'नाईट लाइट' लावलेला असेल तर स्क्रीन पिवळट होते आणि निळ्या लिंक आणखी बुजतात.

"रात्री फोन काळा-पांढरा होतो, सकाळी आपोआप बरा"

अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये 'बेडटाइम मोड' असतो. त्यात ग्रेस्केलवर खूण असेल तर ठरलेल्या वेळी रंग जातात. ती काढा. कॉम्प्युटर अचानक काळा-पांढरा झाला असेल तर विंडोज, कंट्रोल आणि सी ही तीन बटणं एकत्र दाबली गेली असतील. पुन्हा तीच दाबा.

"डार्क मोड लावला आणि सही, लोगो, कॅप्चा नाहीसे"

पारदर्शक पार्श्वभूमीवर काळ्या रंगात काढलेलं चित्र काळ्या पानावर दिसणार कसं? तेवढ्या पानापुरता डार्क मोड बंद करा. मोतीबिंदूमुळे पांढऱ्या पानाचा झगझगाट सोसत नाही अशांना गडद पान खरोखर सुखाचं, पण दृष्टिवैषम्य (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) असणाऱ्या काहींना काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरट दिसतात. त्यांच्यासाठी फिकट पिवळ्यावर काळं करून बघा.

साइट बनवणाऱ्यांसाठी

वरचे बरेचसे उपाय खरं तर वापरणाऱ्याला करावेच लागू नयेत. गोव्यात देवस्थानांच्या, पंचायतींच्या, सोसायट्यांच्या साइट करणारी तरुण मुलं आहेत, त्यांना कळकळीने सांगतो. डब्ल्यूसीएजी या, साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या जागतिक निकषांत साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा, मोठ्या मजकुराचा ३:१. पांढऱ्यावरचा शुद्ध लाल जेमतेम ४:१ भरतो, म्हणजे बारीक अक्षरांत लिहिलेली लाल सूचना निकषात नापास. ७७७७७७ या रंग-कोडचा करडा थोडक्यात नापास होतो, ७६७६७६ पास होतो. डोळ्याला दोघांत फरक कळत नाही, म्हणून अंदाजाने न ठरवता मोजा. मजकूर २०० टक्के मोठा केला तरी काही तुटू नये. नुसत्या रंगाने काही सांगू नका. चुकीच्या रकान्याखाली 'पिनकोडमध्ये सहा आकडे हवेत' एवढं लिहा. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी लिहा. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये 'रेंडरिंग' भागात रंगदोष आणि अंधूक नजर यांची नक्कल करून बघता येते, प्रसिद्ध करण्याआधी एकदा बघा.

सरकारी साइट असेल तर हे ऐच्छिक नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी ही दिव्यांगता आहे आणि सरकारी संकेतस्थळांसाठी जीआयजीडब्ल्यू ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रंगांधत्व त्या कायद्याच्या यादीत नाही, पण साइट नियमाने बनली तर रंगांधांचीही सोय आपोआप होते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं. दिव्यांगांचा पर्पल फेस्ट जिथे भरला त्या पणजीतच नव्हे, सत्तरीतल्या गावातही हा हक्क तेवढाच लागू आहे.

तेव्हा सगळं करूनही पान वापरता येत नसेल तर तक्रार करा, आणि अशी करा की करणाऱ्याला दुरुस्त करता येईल. पानाचा पूर्ण पत्ता, फोन की कॉम्प्युटर, कुठला ब्राउझर, झूम किती टक्के, कुठल्या पायरीवर अडलं, आणि तिथे काय दिसायला हवं होतं. "साइट चालत नाही" एवढंच लिहिलं तर त्यांच्याकडे ती चालते आणि पत्र बाजूला पडतं. झूममुळे झाकलं गेलेलं बटण दाखवायला स्क्रीनशॉट पुरतो. पण फिल्टर लावल्यावर कसं दिसतं ते दाखवायचं असेल तर स्क्रीनशॉटात फिल्टर सहसा येत नाही, दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढून जोडा.